पट्ट्यावरचा विश्वास

गिरणीत दळण घेऊन उभे असताना चालता पट्टा घसरून पडलेला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. इंजिन धडधडत राहते, पण जाते थांबते. तेव्हापासून आपल्या मनात एक समजूत घर करून बसली आहे, की दात्याला दाता भिडला म्हणजे काम पक्के आणि पट्टा आला की भरवसा गेला. मोटारीच्या इतिहासात याच समजुतीशी झगडलेल्या एका यंत्राची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

नेहमीच्या गिअरपेटीत चारपाच ठराविक पायऱ्या असतात. एक सोडून दुसरीवर जायचे, तर क्लच दाबावा लागतो. या पायऱ्यांच्या जागी सलग चढण करता आली तर? युक्ती तशी साधी आहे. दोन कप्प्या घ्यावयाच्या, प्रत्येक कप्पी दोन शंकूंची. शंकू जवळ आले की पट्टा वर सरकतो, दूर गेले की आत उतरतो. एक कप्पी मोठी होते तेव्हा दुसरी लहान होते आणि वेगाचे प्रमाण धक्क्यावाचून बदलत जाते.

ही युक्ती घरगुती मोटारीत यशस्वीपणे आणली ती हॉलंडमधील हुब व्हान डोर्ने यांनी. १९२८ साली आइंडहोवेन येथे लहानशा कारखान्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे त्याचीच डाफ ही कंपनी झाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ‘डाफ ६००’ लोकांपुढे आली. ५९० घनसेंटिमीटरचे इंजिन, शक्ती २२ अश्वांची आणि मागच्या दोन चाकांसाठी दोन रबरी पट्टे. क्लचचे पायडल नाही, गिअर बदलणे नाही. चालविणे इतके सोपे, की त्यामुळेच ती नवशिक्यांची गाडी म्हणून हिणविली गेली. ही मोटार जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके. म्हणून हॉलंडमध्ये डाफच्या उलट्या शर्यती लावून लोकांनी करमणूकही करून घेतली.

परंतु रबराची ताकद मर्यादित होती. लहान इंजिनाला ते पुरेसे होते, मोठ्याला नव्हे. १९७५ साली डाफचा मोटारींचा धंदा व्होल्व्होकडे गेला. १९७६ ची ‘व्होल्व्हो ३४३’ आरंभी केवळ याच यंत्रणेसह विक्रीस आली. पुढे तिला हाताने बदलण्याचे गिअरही द्यावे लागले.

व्हान डोर्ने यांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी रबराऐवजी पोलादाचा पट्टा योजला. पातळ पोलादी कड्यांवर शेकडो लहान तुकडे ओवलेले असतात. हा पट्टा ओढीत नाही, तर ढकलतो. अशा पट्ट्याची ‘सुबारू जस्टी’ १९८७ साली जपानमध्ये बाजारात आली. ती पाहण्यास व्हान डोर्ने नव्हते. १९७९ सालीच त्यांचे निधन झाले होते.

आता मुख्य प्रश्न : पोलाद आले, मग भरवसाही आला काय? पूर्णपणे नाही. कारण पट्टा पोलादाचा असला, तरी त्याची पकड घर्षणाचीच असते. ती टिकते तेलाच्या दाबावर आणि तेलाच्या गुणावर. तेल जुने झाले किंवा भलतेच घातले, तर पट्टा घसरतो. घसरला की कप्पीचा पृष्ठभाग खरवडतो, धातूचा कीस तेलात मिसळतो आणि घसरण आणखी वाढते. निसान कंपनीने अमेरिकेत २००३ ते २०१० या काळातील आपल्या अशा मोटारींच्या पेटीची हमी ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांवरून १० वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढविली. अशी पेटी बिघडली म्हणजे बहुधा अख्खीच बदलावी लागते. सामान्य गृहस्थाच्या शिलकीला तो मोठाच फटका होय. २०१८ साली टोयोटाने एक तडजोड काढली. जागचे हलताना भार सर्वांत जास्त असतो, तेवढ्यापुरता दात्यांचा एक गिअर आणि पुढची सारी वाट पट्ट्याची.

या गोष्टीला आपल्या घरचाही एक दाखला आहे. १९८४ मध्ये आलेली ‘कायनेटिक होंडा’ पुण्याच्या रस्त्यांवर कोणी पाहिली नाही? गिअर नसलेल्या त्या स्कूटरमध्ये हीच युक्ती होती आणि तीही रबरी पट्ट्याची. तिला कोणी बेभरवशाची म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. का? पट्टा झिजणार हे मिस्त्रीला ठाऊक होते, मालकालाही ठाऊक होते. तो वेळेवर बदलला जाई. उलट काही मोटारींच्या पेटीतले तेल जन्मभर पुरेल असे गिऱ्हाइकाला सांगण्यात आले आणि त्याने बॉनेटखाली कधी डोकावून पाहिले नाही.

तेव्हा जुनी मोटार घ्यावयास जाल, त्या वेळी पेटीत दाते आहेत की पट्टा, एवढ्यावरच थांबू नका. तेल केव्हा बदलले, कोणते घातले आणि गाडीने ओझे किती ओढले, हे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आले, तर पट्ट्याला भिण्याचे कारण नाही.