घाटाला नाव कुणाचं?

मंडळी, ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक बघायला आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. ढोल वाजतो, पोरं-पोरी फेर धरतात, आपण मोबाइल वर करतो. तासाभरानं वाहतूक मोकळी होते नि आपण घरी येतो. नाच लक्षात राहतो. नाचणाऱ्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो का?

ही तारीख १९८२ ची. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक भरली. तिच्या स्मरणार्थ १९९४ मध्ये आमसभेनं हा दिवस ठरवला. आपल्याकडे हाच १९४२ चा क्रांतिदिन.

आपल्या शहरानं क्रांती विसरलेली नाही. १८५७ मध्ये इथल्या घोडदळातल्या बंडवाल्या शिपायांना देहान्ताची शिक्षा झाली. काळ्या चबुतऱ्याच्या त्या जागेला आज आपण क्रांती चौक म्हणतो.

आता कन्नडच्या पुढं चला. चाळीसगावकडे उतरताना लागतो तो औट्रम घाट. हा औट्रम कोण? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला. सातमाळा-सातपुड्यातले भिल्ल नाईक घाटवाटांची राखण करत, त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले असत. ती घडी विस्कटली नि डोंगर पेटला. नुसत्या फौजेनं तो विझेना. तेव्हा १८२५ मध्ये कंपनीनं डाव बदलला : भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण! ती उभारली बाविशीतल्या जेम्स औट्रमनं. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांचा विश्वास त्यानं मिळवला, हेही खरं. पण काम कंपनीचंच होतं.

तरी सगळे नाईक निवले नाहीत. सेंधव्याच्या घाटवाटेवर कंपनीचा पहारा सांभाळलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला. दुसऱ्या वर्षी आंबापाणीला भिल्लांची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. म्हणजे बघा, साल तेच, शत्रू तोच. शिपायांना चौक मिळाला. भिल्लांच्या डोंगरातल्या घाटावर मात्र त्यांना आवरणाऱ्याचंच नाव राहिलं.

पाटी बदलली की इतिहास कळतो, असं आम्ही म्हणत नाही. कन्नड, सोयगाव, सिल्लोडकडे भिल्ल वस्त्या आजही आहेत. पुढच्या ९ ऑगस्टला मोबाइल खिशात ठेवू नि तिथून आलेल्या एखाद्या आजोबांना विचारू : बाबा, तुमच्याकडे या घाटाला काय म्हणायचे?