मस्कत : वसंतातील प्रवास

मस्कत ही ओमान सल्तनतीची राजधानी व ओमानच्या आखातावरील जुने बंदर. कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस वसलेले. मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांवर; तिथले घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालते. आजचे मस्कत म्हणजे किनाऱ्यालगत लांबत गेलेली वस्त्यांची माळ आहे. पूर्वेला डोंगरांच्या कोंदणात बसलेले जुने मस्कत, त्याला खेटून मत्रह बंदर, थोडी आत रुवी ही व्यापारी पेठ, मग कुरुम, अल खुवैर, बौशर आणि पश्चिमेला विमानतळालगतचे सीब. विमानतळापासून मत्रह ३०–३५ किमी. पडते. ज्याला पायी हिंडून शहर पाहायचे आहे त्याने मत्रह किंवा रुवीतच उतरावे. इमारती पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या आणि बहुतेक बेताच्या उंचीच्या. तसा इथला नियमच आहे. त्यामुळे शहरावर आजही डोंगरांचाच वरचष्मा दिसतो.

हे डोंगर अगदी उघडे, काळपट-तपकिरी रंगाचे आहेत. मुळात तो समुद्रतळाखालचा खडक. सुमारे ९.५ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला व पुढे जमिनीवर रेटला गेलेला. जगभरचे भूवैज्ञानिक तो पाहायला इथे येतात. प्रवाशाच्या दृष्टीने या खडकांचा गुण वेगळा आहे: दिवसभर तापले की रात्रीही ते ऊब सोडत राहतात.

हंगाम. मस्कतचा वसंत आखूड असतो. फेब्रुवारीत दुपारचे तापमान २५° से.च्या आसपास, मार्चमध्ये ३०° से.पर्यंत, एप्रिलमध्ये ते ३५° से.ला टेकते आणि मेमध्ये ४०° से. गाठते. जूनमध्ये काय होते याची कल्पना एका नोंदीवरून येईल. २६ जून २०१८ रोजी मस्कतजवळच्या कुरियात येथे सबंध दिवस-रात्रीत पारा ४२.६° से.च्या खाली उतरलाच नाही. महाराष्ट्रातली कुटुंबे शाळांच्या सुट्या पाहून मेमध्ये तिकिटे काढतात, आणि तीच मोठी चूक ठरते. मेमध्ये किनारा भाजून निघतो, डोंगरावरचे गुलाब संपत आलेले असतात आणि समुद्रातल्या दैमानियात बेटांवर १ मेपासून उतरायला बंदी होते. प्रस्तुत नोंदीचा सल्ला एकच आहे: मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य हा काळ साधावा. गुढीपाडवा पुष्कळदा याच सुमारास येतो.

रमजान कधी आहे ते आधी पाहावे. चांद्र वर्षामुळे हा महिना दरवर्षी १०–११ दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये जवळजवळ सगळा मार्च रमजानचा होता. २०२८ पासून मार्च त्यातून मोकळा होईल. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणेपिणे वर्ज्य असते, बरीच उपाहारगृहे सूर्यास्तापर्यंत बंद राहतात. पाऊस वर्षाकाठी जेमतेम १०० मिमी., पण पडला की कोरड्या नदीपात्रांना, म्हणजे वाद्यांना, घटकाभरात लोंढा येतो. एप्रिल २०२४ मधील अशा पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचा जीव गेला. आभाळ भरून आलेले असताना वादीत उतरू नये आणि वाहत्या पाण्यात गाडी घालू नये.

पूर्वपीठिका. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्क याने १५०७ मध्ये मस्कत जाळून घेतले. तीनच वर्षांनी त्याने गोवा घेतला. बंदराच्या दोन अंगांना उभे असलेले मिरानी व जलाली हे किल्ले पोर्तुगीजांनी १५८०च्या दशकात बांधून पक्के केले. वसईचा कोट पाहिलेल्याला त्यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ याने पोर्तुगीजांना हुसकावले. किल्ला हाती येण्यामागे नरोत्तम नावाच्या वाण्याची युक्ती होती, अशी कथा ओमानात सांगतात: किल्लेदाराने त्याच्या मुलीला मागणी घातली, तेव्हा त्याने लग्नाच्या तयारीचा बहाणा करून किल्ल्यातली रसद व दारूगोळा निकामी केला. पोर्तुगीजांची जहाजे हाती आल्यावर मस्कतच्या अरबांचे आरमार इतके वाढले की त्यांनी १६६८ मध्ये दीव लुटले आणि १६७४ मध्ये ते वसईवर उतरले. आजचे आलबुसैद घराणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून सत्तेवर आहे.

भारताशी असलेला खरा संबंध लुटीपेक्षा व्यापाराचा. कच्छी भाटिया पिढ्यान्‌पिढ्या इथे पेढ्या चालवीत आले. खिमजी रामदास ही पेढी १८७०ची. तिचे कनकसी खिमजी यांना सुलतानांनी ‘शेख’ हा किताब दिला. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळच मोतीश्वर महादेवाचे मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तिथे भारतीयांची रीघ लागते. १९७० पर्यंत ओमानच्या किनाऱ्यावर रुपया चाले. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत असे. आज चलन रियाल आहे, पण रियालाच्या हजाराव्या भागाला ‘बैसा’ म्हणतात. हा आपलाच पैसा. डाळिंबाच्या बागाईतदारांना ‘मस्कत’ हे नाव वाणाचे म्हणून ठाऊक असते; ओमानच्या डोंगरातली डाळिंबे आजही नावाजलेली आहेत.

मत्रह ते जुने मस्कत. समुद्राकाठचा हा सुमारे चार किमी.चा रस्ता सकाळी लवकर पायी चालावा. सुरुवात मासळीबाजारापासून. सुरमई इथे ‘कनअद’ होते, पण मासा तोच. ती पकडण्यावर १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असल्याने वसंतात ती भरपूर मिळते. तिथून पुढे सूक, म्हणजे बाजार. जुन्या लोकांच्या तोंडी तो ‘सूक अल-धलाम’, अंधारा बाजार. बोळ इतके अरुंद की दिवसाही ऊन खाली पोचत नसे. दारांशी लोबान जळत असतो. तो धोफार प्रांतातून येतो आणि त्याच्या फिक्या, हिरवट झाक असलेल्या खड्यांना अधिक मोल असते. शेजारी सूर अल-लवातिया ही तटबंद वस्ती आहे. तिथल्या कुटुंबांची मुळे सिंध-कच्छकडे सांगितली जातात. तिच्यात परक्याने शिरू नये, दारातूनच मागे फिरावे.

जुन्या मस्कतच्या वेशीपाशी क्षणभर थांबावे. सुलतान काबूस २३ जुलै १९७० रोजी गादीवर आले, तोवर सूर्यास्तानंतर तीन तासांनी या वेशी बंद होत आणि नंतर रस्त्यावर दिसणाऱ्याच्या हाती कंदील असावाच लागे. आत १९७२ चा अल-आलम राजवाडा आहे, समोर २०१६ मध्ये उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय. संग्रहालयाला निदान दोन तास द्यावेत. राजवाड्याला वळसा घालून पाण्याकडे गेले की समोरच्या कड्यांवर रंगवलेली जहाजांची नावे दिसतात. इथे नांगर टाकणाऱ्या जहाजांचे खलाशी कड्यावर चढून आपल्या जहाजाचे नाव लिहून जात.

सुलतान काबूस भव्य मशीद (२००१) बौशरमध्ये आहे. तिच्यासाठी सुमारे तीन लाख टन वालुकाश्म भारतातून गेला. आतला इराणी गालिचा ७० मी. × ६० मी. आहे. मुस्लिमेतरांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ प्रवेश मिळतो. स्त्रियांनी डोके, हात व पाय घोट्यापर्यंत झाकणारा वेश करावा.

जबल अखदर. मस्कतचा वसंत खऱ्या अर्थाने पाहायचा तर शहर सोडून दीडशे किमी. आत जायला हवे. हा ‘हिरवा डोंगर’. सैक पठार सुमारे २,००० मी. उंचीवर आहे आणि किनाऱ्यापेक्षा तिथे दहा-बारा अंशांनी गार असते. पायथ्याच्या बिरकत अल-मौज येथे पोलीस चौकी आहे. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीखेरीज दुसरी गाडी वर सोडत नाहीत. गाडी ठरवतानाच हे सांगावे. याच गावातला अल-खतमीन हा फलज जागतिक वारशाच्या यादीत आहे. फलज म्हणजे डोंगरातले पाणी उताराने शेतापर्यंत आणणारा पाट. त्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात.

वर अल-ऐन, अल-अकर, अश-शुरैजा ही गावे कड्याच्या काठावर बसली आहेत. खाली दरीकडे उतरणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाफ्यांत गुलाबाची झुडपे आहेत. फूल लहान, फिके गुलाबी आणि सुगंधाने भरलेले. ऊन चढले की वास उडतो, म्हणून फुले पहाटेच खुडतात. मातीच्या चुलीत भांडे पुरलेले असते. त्यात पाकळ्या भरतात, मध्ये एक छोटे तांब्याचे भांडे टांगतात आणि वर गार पाण्याने भरलेले गोल बुडाचे भांडे बसवतात. वाफ वरच्या बुडाला लागते, थेंब होते आणि खालच्या भांड्यात टपकते. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे. चुलीपाशी बसलेला माणूस दिवसभर तेच करीत असतो. असे निघालेले गुलाबपाणी तपकिरी रंगाचे असते आणि त्याला धुराचा वास येतो. ओमानी हलव्यात वेलदोडा-केशराबरोबर हेच पडते. अलीकडे गॅसवर चालणारी धातूची यंत्रेही आली आहेत. त्यांचे पाणी नितळ असते. दोन्ही चाखून पाहावीत. ज्याच्या घरी चूल पेटलेली असेल त्याने बोलावले तर कहवा-खजूर नाकारू नये.

परतताना शुक्रवार सकाळ साधली तर निझवा येथे बकऱ्यांचा बाजार पाहता येतो. धनी बकरी घेऊन गोल फिरत राहतो आणि कडेला बसलेले गिऱ्हाईक बोली करते. उन्हे वर येण्याआधी तो आटोपतो, म्हणून आदली रात्र निझवातच काढावी.

व्यवहार. भारतीय पासपोर्टवर व्हिसा ऑनलाइन मिळतो; अटी बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी त्या पाहाव्यात. साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते व शुक्रवारी दुपारपर्यंत बहुतेक दुकाने बंद राहतात. शहरात मुवासलात कंपनीच्या बसगाड्या आहेत. हिंदी रुवी-मत्रहमध्ये सर्रास चालते. चार दिवस मस्कतला व दोन डोंगराला, अशी वाटणी पुरेशी आहे. डोंगरावरून घेतलेली गुलाबपाण्याची बाटली विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. ती कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी.