मूलभूत अभ्यासक्रम (दृश्यकला व डिझाइन)

मूलभूत अभ्यासक्रम : चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला, वस्त्रकला, अंतर्गत सजावट अशा शाखांत विद्यार्थी विभागले जाण्यापूर्वी कलामहाविद्यालयात घेतले जाणारे सामाईक आरंभीचे शिक्षण. महाराष्ट्रात ते बोलण्यात ‘फाउंडेशन’ म्हणूनच ओळखले जाते आणि साधारणपणे एक वर्षाचे असते. रेखांकन, रंग, द्विमित व त्रिमित रचना आणि अक्षरलेखन हे त्यातले नेहमीचे विषय. शाळेतल्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांतून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे प्रकार विद्यार्थ्यांना ओळखीचे झालेले असतात. त्यामुळे फाउंडेशन म्हणजे त्याच अभ्यासाची पुढची इयत्ता असा समज होतो. तो चुकीचा आहे. या अभ्यासक्रमाचा जन्मच हात घोटून घेण्याच्या पद्धतीला पर्याय म्हणून झाला. डोळ्यांनी दिसणारे आणि मनाने गृहीत धरलेले यांतला फरक विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावा, हा त्याचा गाभा. ही पडताळणी गळून पडली की उरतो तो फक्त नव्या नावाचा कित्ता.

कित्त्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले आणि तिथल्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा खोल ठसा उमटला. सपाट नमुन्याची नक्कल, मग प्लॅस्टरच्या साच्यांवरून छायाभेद, आणि बऱ्याच पायऱ्या चढल्यावर जिवंत मॉडेल, असा तो क्रम होता. त्यातून कसबी हात तयार झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडूनच करून घेतल्या. पण नमुना समोर नसेल तेव्हा निर्णय कसा घ्यायचा, याचे उत्तर त्या पद्धतीत नव्हते. ते शोधण्याचा ठळक प्रयत्न जर्मनीतील वायमार येथे १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत झाला. योहानेस इटेन यांनी तिथे आखलेला प्राथमिक वर्ग पार केल्याशिवाय कार्यशाळेत प्रवेश नसे. खरखरीत-गुळगुळीत, हलके-जड, उजळ-काळोखे असे विरोध विद्यार्थी हाताने चाचपून पाहत आणि मग रेखाटत. १९२३मध्ये इटेन गेले. लास्लो मोहोली-नाज आणि योसेफ आल्बर्स यांनी तो वर्ग पुढे चालवला.

आल्बर्स यांच्या वर्गाची एका विद्यार्थ्याने सांगितलेली हकिकत या साऱ्या प्रकरणाचे मर्म सांगते. त्यांनी वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला आणि कागदापासून काहीतरी घडवा, असे सांगितले. कुणी किल्ला केला, कुणी जहाज. आल्बर्स यांनी वाखाणला तो उभी घडी घालून नुसता उभा ठेवलेला कागद. किल्ला दुसऱ्या कशाचाही झाला असता. आडवा पडणारा मऊ कागद घडीमुळे ताठ उभा राहतो, हा मात्र कागदाचाच गुण. रंगाबाबतही हेच. राखाडी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापून एक काळ्यावर आणि दुसरी पांढऱ्यावर ठेवली, की पहिली उजळ दिसते, दुसरी गडद. नारिंगीवर ठेवलेल्या पट्टीत निळसर झाक येते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी गोब्लँ येथील विणकामशाळेत काळा धागा फिका का दिसतो याचा तपास केला, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत निघाला. त्यांचा ग्रंथ १८३९चा आहे. साडीच्या लाल काठाला लागून तिचे हिरवे अंग अधिक हिरवे का दिसते, याचे उत्तर त्याच नियमात आहे.

या अभ्यासक्रमावर एक आक्षेप असा, की ही युरोपची दृश्यभाषा आहे आणि ती सार्वत्रिक म्हणून आपल्यावर लादली गेली. यात तथ्य आहे. पिवळा त्रिकोणाचा, तांबडा चौकोनाचा, निळा वर्तुळाचा, ही बाउहाउसमधले शिक्षक कांडिन्स्की यांनी मांडलेली सांगड सर्वांनी मान्य करावी असे तिच्यात काही नाही. पण राखाडी पट्टीचा प्रयोग कोल्हापुरातही तसाच घडतो. म्हणून बाउहाउसची मते बाजूला ठेवावीत आणि तपासण्याची रीत घ्यावी. ठिपक्यांची रांगोळी हा जाळीवर आकार बांधण्याचा पाठ म्हणून वर्गात आणता येतो, आणि तो परका नाही. दुसरा आक्षेप संगणकाचा : रंग आकड्यांनी निवडता येत असताना पोस्टर कलर कालवत बसायचे कशाला? मात्र पडद्यावर तोच आकडा दोन पार्श्वभूमींवर वेगळा दिसतो. आकडा सारखा असल्याची खात्री यंत्र देते, तो डोळ्यांना कसा दिसेल याची नाही. रेखांकन मागे पडते, ही तक्रार सर्वांत वजनदार आहे. अमूर्त सरावात रमून मानवाकृती न जमणारे विद्यार्थी बाहेर पडतात, हे खरे आहे. मात्र त्यावर उपाय रेखांकनाचे तास वाढवण्याचा आहे, पडताळणीचे तास कापण्याचा नव्हे.

भारतात डिझाइनशिक्षणाने हा विचार आस्थेने उचलला. डिझायनर चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८च्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि सामाईक पायाभूत वर्ष हा तिथल्या शिक्षणाचा भाग झाला. महाराष्ट्रात अभ्यासक्रमाची चौकट आहे. अडचण परीक्षेची आहे. बारा भागांचे रंगचक्र रेषेबाहेर न जाता, डाग न पडता भरले की गुण मिळतात. तांबड्यात हिरवा किती मिसळल्यावर तो मरतो, हे विद्यार्थ्याने किती वेळा करून पाहिले, याची नोंद कुठेच होत नाही. मूल्यमापनात अंतिम शीटबरोबर फसलेल्या चाचण्यांच्या कागदांनाही गुण द्यावेत; त्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत, लागतात ते कागद, कात्री आणि तपासणाऱ्याचा वेळ.