झिजलेल्या टाचेची साक्ष : सफाळे परिसरातील पाऊल आणि पादत्राण

पश्चिम रेल्वेच्या वैतरणा आणि केळवे रोड या स्थानकांच्या मध्ये, तांदूळवाडी किल्ल्याच्या सावलीत असलेल्या सफाळे परिसरात रोजच्या वापरातले पादत्राण उशिरा आले, आणि त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. भातशेती, मिठागर, खाडीतील मासेमारी आणि रानातून आणायचा लाकूडफाटा ही येथील कामे माणसाला चिखलात, खाऱ्या पाण्यात किंवा निसरड्या उतारावर उभी करीत. अशा ठिकाणी चामडे कुजते आणि वहाण चिखलात रुतून पायातून निघते, म्हणून वारली, मल्हार कोळी, आगरी आणि मांगेला समाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची कष्टाची कामे अनवाणी पायांनीच झाली. साहजिकच पायाची दुखणीही मुख्यतः कातडीची होती. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, उन्हाळ्यात टाचांना पडणाऱ्या भेगा आणि सततच्या दाबामुळे कातडी घट्ट होऊन तयार होणारे कुरूप यांवर बिब्ब्याचा चटका, मेण किंवा तेल हेच उपाय चालत.

पावलाच्या कमानीचे, म्हणजे तळव्याच्या आतल्या बाजूला हाडे आणि अस्थिबंध यांनी तोललेल्या उंचवट्याचे, दुखणे मात्र अनवाणी चालण्याने वाढले असे मानायला आधार नाही. कोकणाला लागूनच असलेल्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील राव आणि जोसेफ या संशोधकांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी मुलांत 2.8 टक्के आढळले; बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक होते. पायाला आधार देणारे पादत्राण लहानपणापासून हवेच, ही आज दुकानांतून पसरलेली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. आधाराची गरज खरी असते, पण ती दुखावलेल्या, वाकलेल्या किंवा बधिर झालेल्या पायाला, आणि ती ओळखण्याची विद्या या प्रदेशात पुस्तकाआधी चर्मकाराच्या हातात होती.

1864 मध्ये मुंबई, बडोदा आणि मध्य भारत रेल्वेचा याच भागातून जाणारा मार्ग सुरतेकडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि त्यानंतरच्या काळात भाजी, मासळी व नोकरी यांच्या निमित्ताने मुंबईशी वाढलेल्या संबंधांबरोबर चामडी वहाणा, पुढे टायरच्या चपला आणि स्वस्त रबरी स्लीपर या भागात रुळल्या. दुरुस्तीला आलेला जोडा उलटा करून पाहणे हा चर्मकाराच्या कामाचाच भाग असतो. निरोगी चालीत टाच प्रथम मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर टेकते, म्हणून तेथील थोडी झीज स्वाभाविक असते. परंतु आतली कड खचली असेल तर पाऊल आत कलंडते, बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत गेली असेल तर कमान फार उंच किंवा ताठ असण्याचा संभव असतो, आणि जोडीतला एकच जोडा झिजला असेल तर पायांच्या लांबीतील फरक किंवा कमरेचे दुखणे शोधावे लागते. टाचेखाली एका बाजूला चामड्याची पाचर बसवून हा कल सावरता येतो. इंग्लंडात हेच तत्त्व ह्यू ओवेन थॉमस या एकोणिसाव्या शतकातील अस्थिवैद्याच्या नावाने ‘थॉमस टाच’ म्हणून वैद्यकात मान्य झाले, कारण तेथे ते वैद्याने लिहिले. येथे चर्मकाराला जातीने बाहेर बसविल्यामुळे त्याचे निरीक्षण कोणी टिपून ठेवले नाही, ही हानी या इतिहासात फार मोठी आहे.

महाराष्ट्रात दुखऱ्या पायासाठी पादत्राण मुद्दाम घडविण्याचा पद्धतशीर प्रयत्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो कुष्ठरोगाच्या क्षेत्रात. मुंबईत 1890 मध्ये महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले, तेच आजचे वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय होय. परंतु त्या काळी बोटे झडणे हा रोगाचाच अटळ परिणाम समजला जात असे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे 1946 पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी ही समजूत मोडली: रोगाने नसा निकामी झाल्यावर वेदना जाते, वेदना गेल्यावर माणूस लंगडत नाही, आणि न लंगडता त्याच जागी हजारो पावले टाकल्याने आतली ऊती फुटून व्रण होतो. म्हणजे चूक पायाची नव्हती, त्याच्याखालच्या पृष्ठभागाची होती. यातून एमसीआर, म्हणजे बारीक हवेच्या पेशी असलेले मऊ सूक्ष्मपेशी रबर, तळव्याखाली घालून भार सर्वत्र वाटून देणारी चप्पल आली. तिच्या रचनेतील प्रत्येक बारकाव्यामागे अनुभव आहे: खिळा बधिर पायात शिरला तरी कळत नाही म्हणून खिळे वर्ज्य, अंगठ्याने पकडायची चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही म्हणून मागे टाचेभोवती पट्टी, काटा-काच वर येऊ नये म्हणून खाली कठीण तळ. ज्याची पाऊल वर उचलणारी नस गेली, त्याचे पाऊल लोंबते आणि जोड्याचे पुढचे टोक जमिनीवर घासून झिजते. ही झीज वेळेवर पाहिली तर लकवा लवकर ध्यानात येतो.

बहुविध औषधोपचार 1982 पासून रूढ झाल्यावर रोग बरा होऊ लागला, पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, म्हणून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून अशा चपला आजही मोफत दिल्या जातात. सफाळे ज्यात येते त्या पालघर जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत, जिथे नवे रुग्ण अजून सापडतात आणि चालणे हेच कित्येकांचे वाहन आहे, तिथे ही चप्पल औषधाइतकीच आवश्यक आहे. तिची अडचण सामाजिक आहे: एकसारख्या बनावटीमुळे ती रोगाची खूण ठरते आणि रुग्ण ती घरी ठेवून साधी स्लीपर घालतात. नेहमीच्या चपलेच्या आकारातच मऊ तळ बसवून देणे हा त्यावरचा उपाय चर्मकाराच्या कौशल्याशिवाय होत नाही.

तारापूरचा अणुवीज प्रकल्प 1969 मध्ये सुरू झाला आणि बोईसर परिसरात कारखाने वाढले, तेव्हा पोलादी टोपणाचे सुरक्षा बूट येथील कामगारांच्या पायात आले. ते बोटांवर पडणाऱ्या वजनापासून वाचवतात, पण काँक्रीटवर आठ तास उभे राहणाऱ्या टाचेसाठी त्यांची रचना केलेली नसते. मधुमेहामुळे तळवे बधिर झालेल्यांनाही आता एमसीआरचीच चप्पल सुचवली जाते. सफाळ्याहून अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा मुंबईतील हाजीअलीच्या 1955 मध्ये स्थापन झालेल्या शारीरिक पुनर्वसन संस्थेत जाणाऱ्याने सर्वांत जुना, सर्वांत वाकडा झिजलेला जोडा पिशवीत घालून न्यावा, कारण तपासणीच्या खोलीतील चार पावलांत जे दिसत नाही ते त्या तळावर कित्येक महिन्यांच्या चालीने उमटलेले असते.