मेनआफ्रिव्हॅक

अ-गटाच्या मेनिंगोकॉकस जीवाणूमुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणशोथावरील, म्हणजे मेनिंजायटिसवरील, संयुग्मी (जीवाणूच्या आवरणातील पॉलिसॅकराइड शर्करा प्रथिनाशी जोडलेली) लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. २०१० पासून आफ्रिकेत वापरात आहे. गरीब देशांना परवडेल ती किंमत आधी ठरवून त्या किमतीत बसेल अशी लस घडवली गेली, म्हणून लसीकरणाच्या अर्थकारणात तिला स्वतंत्र स्थान आहे.

पार्श्वभूमी : सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या प्रदेशाला ‘मेनिंजायटिस पट्टा’ म्हणतात. फ्रेंच डॉक्टर लापेसोनी यांनी १९६३ मध्ये त्याची आखणी केली. डिसेंबर ते जून या कोरड्या, धुळीच्या महिन्यांत साथ उसळते आणि पावसाबरोबर ओसरते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५,००० वर मृत्यू नोंदले गेले. वेळेवर उपचार होऊनही दहातला एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे बहिरेपण येते किंवा मेंदूला इजा होते. मृतांच्या आकड्यात ही हानी दिसत नाही.

जुनी पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालील मुलांत नीट काम करत नसे, तिचे संरक्षण थोडी वर्षेच टिके आणि घशात जंतू बाळगणाऱ्या निरोगी माणसाकडून होणारा प्रसार तिने थांबत नसे. त्यामुळे साथ सुरू झाल्यावर लस मागवायची आणि ती पोहोचेपर्यंत माणसे गमवायची, हे चक्र चालू राहिले.

विकास : २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मेनिंजायटिस लस प्रकल्प सुरू केला. गेट्स फाउंडेशनने त्यासाठी ७ कोटी डॉलर दिले. संचालक मार्क लाफोर्स यांनी आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी पहिली अट किमतीची घातली : मात्रेमागे ५० सेंटपेक्षा कमी. न परवडणारी लस काय कामाची, हा त्यांचा सवाल होता. मोठ्या औषध कंपन्यांशी झालेली बोलणी या किमतीवर अडली. मग काम वाटून घेण्यात आले. पॉलिसॅकराइडचा पुरवठा ॲमस्टरडॅमच्या सिंको कंपनीकडे गेला. त्याला प्रथिनाशी जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आली. धनुर्वाताचे टॉक्सॉइड सीरमकडे होतेच. तेच वाहक प्रथिन म्हणून वापरले. सीरमच्या शास्त्रज्ञांनी जोडणीची पद्धत शिकून घेतली आणि प्रयोगशाळेतली ही कृती कारखान्याच्या प्रमाणावर नेली. नव्या शोधाचे श्रेय सहज मिळते. उत्पादन वाढवण्याचे हे किचकट, चिकाटीचे काम मात्र बहुतेक नोंदींत एका ओळीत उरकले जाते. कंपनीचे तत्कालीन कार्यकारी संचालक सुरेश जाधव यांचा या प्रकल्पात महत्त्वाचा वाटा होता.

२००५ मध्ये भारतातील प्रौढांवर पहिली चाचणी झाली. त्यानंतर माली, गांबिया व सेनेगल येथे चाचण्या झाल्या. भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २००९ मध्ये निर्यातीसाठी परवानगी दिली आणि जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली.

मोहीम : ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोची राजधानी वागादुगू येथे प्रारंभ. १ ते २९ वर्षे वयोगटाला प्रत्येकी एक मात्रा. सुमारे दहा दिवसांत तिथे एक कोटीहून अधिक लोकांना लस दिली गेली. पुढे पट्ट्यातील इतर देशांतून ३० कोटींहून अधिक लोकांचे लसीकरण झाले. चाडमधील अभ्यासात लस दिलेल्या भागातील मेनिंजायटिसचे प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळले. २०१७ नंतर पट्ट्यात अ-गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण नोंदला गेलेला नाही. चाडमधील गुरो येथे लसीकरणानंतर काही मुले आजारी पडली होती. चौकशीत लसीशी कार्यकारणसंबंध आढळला नाही.

शीतसाखळी : लस दहा मात्रांच्या कुपीत कोरड्या स्वरूपात येते. कुपीवरच्या वर्तुळात एक फिका चौकोन असतो. उष्णता साचत जाते तसा तो गडद होतो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकायची. २०१२ मध्ये या लसीला ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवस ठेवण्याची मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळालेली ती पहिली लस. त्याच वर्षी बेनिनच्या बानिकोआरा जिल्ह्यात ही सोय प्रथम वापरली गेली. लसटोचकाला बर्फाच्या पिशव्या गोठवण्यासाठी रोज संध्याकाळी केंद्रावर परतावे लागले नाही. तो पुढच्या गावी जाऊ शकला. जिथे वीजच नाही तिथे लसीच्या किमतीइतकीच ही सवलत मोलाची ठरते, तरी अर्थसाहाय्याच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो.

अर्थसाहाय्य : मुख्य भार २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘गावी’ या लस-आघाडीने उचलला, मोहिमेच्या खर्चात देशांचाही वाटा होता. गावीच्या नियमानुसार देशाचे उत्पन्न वाढते तसा लसखरेदीतील त्याचा हिस्सा वाढत जातो आणि अखेर मदत थांबते. हे तत्त्व रास्त आहे, पण त्यासाठी देशाच्या अर्थसंकल्पात आरोग्याला जागा हवी. २००१ च्या अबुजा घोषणेत आफ्रिकी राष्ट्रांनी १५ टक्के तरतुदीचे वचन दिले होते. बहुतेकांना ते पाळता आलेले नाही.

नंतरच्या लसी : अ-गट हटला तरी क, डब्ल्यू व एक्स गटांच्या साथी येतच राहिल्या, २०१५ मध्ये नायजरमध्ये क-गटाने ५०० वर बळी घेतले. त्यावर सीरम व पाथ यांनी ब्रिटिश सरकारच्या निधीतून मेनफाइव्ह ही पाचगटी लस विकसित केली. पूर्वमान्यता २०२३, पहिला वापर नायजेरियात, २०२४. तिची किंमत मात्रेमागे सुमारे ३ डॉलर, म्हणजे जुन्या मर्यादेच्या सहापट आहे. जून २०२५ मध्ये ब्रुसेल्स येथील निधी परिषदेत गावीला २०२६-३० या काळासाठी ११.९ अब्ज डॉलर हवे होते; आश्वासने ९ अब्जांहून थोडी अधिक मिळाली, आणि अमेरिकेने हात आखडता घेतला.