छोटा, शांत कुत्रा दत्तक घ्यायचाय? शेल्टरमधल्या ‘शांत’पणाचा अर्थ आधी समजून घ्या

वन-बीएचके फ्लॅट, दिवसभर घरी एकटे असणारे आई-बाबा किंवा आजी, आणि त्यांच्या सोबतीला एक छोटासा कुत्रा. फार न भुंकणारा, पट्टा न ओढणारा, शेजारी येऊन बसणारा. विकत घेण्याऐवजी असा कुत्रा एखाद्या संस्थेकडून दत्तक घ्यावा, असं अनेकांना वाटतं.

असे कुत्रे मिळतातही. पग, शित्झू, पॉमेरेनियन हे शौकाने पाळलेले कुत्रे शहरांत रस्त्यावर सोडून दिलेले सापडतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या घरी बाळ आलेलं असतं, कुणाला उपचारांचा खर्च झेपत नाही. पिल्लांसाठी वापरून झालेली मादी ब्रीडरला नकोशी होते.

पण दत्तक गेलेले काही कुत्रे परतही येतात. ‘आणला तेव्हा किती शांत होता, आता सारखा भुंकतो,’ ही त्यामागची एक नेहमीची तक्रार. एकदा घर सुटलेल्या कुत्र्याचं घर दुसऱ्यांदा सुटतं. हे टाळायचं तर काय बघायला हवं?

जातीवरून स्वभाव कळतो का?

फारसा नाही. अमेरिकेतल्या 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण 9 टक्के फरकच जातीमुळे असतो, असं त्यात आढळलं. बाकीचा फरक त्या-त्या कुत्र्याचा, त्याच्या वयाचा आणि अनुभवांचा.

आकारही फसवा असतो. डाशहुंड छोटा दिसतो, पण तो बिळातली शिकार शोधण्यासाठी तयार केलेला कुत्रा, आवाज खणखणीत. पॉमेरेनियन आणि स्पिट्झ तर दाराची बेल वाजली की आधी हजर. उलट, पाच-सहा वर्षांचा मध्यम चणीचा देशी कुत्रा दिवसातला बराच वेळ निवांत झोपून काढू शकतो.

शेल्टरमध्ये शांत दिसणारा कुत्रा खरंच शांत असतो का?

नेहमीच नाही. नव्या शेल्टरमध्ये आल्यानंतरचे पहिले काही दिवस कुत्र्यांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित हार्मोनची पातळी वाढलेली असते, असं अभ्यासांत दिसलं आहे. अशा वेळी काही कुत्रे सतत भुंकतात, तर काही अगदी गप्प होतात. कोपऱ्यात बसलेला, हात लावला तरी न हलणारा कुत्रा आपल्याला ‘गरीब’ वाटतो. प्रत्यक्षात तो घाबरून गोठलेला असू शकतो.

फरक ओळखता येतो. निवांत कुत्र्याचं अंग सैल असतं, तो आजूबाजूला हुंगतो, खाऊ घेतो, आपण जरा लांब बसलो की स्वतःहून जवळ येतो. घाबरलेला कुत्रा शेपूट पायांत घालतो, वारंवार ओठ चाटतो किंवा जांभया देतो, नजर चुकवतो, आवडता खाऊही घेत नाही. असा कुत्रा वाईट नसतो, पण त्याचा खरा स्वभाव अजून कुणालाच कळलेला नसतो.

मग निवडायचा कसा?

सोबतीसाठी शांत कुत्रा हवा असेल तर पिल्लू शोधू नका. पिल्लू चावतं, घाण करतं, रात्री रडतं, आणि मोठेपणी कसं होईल हे सांगता येत नाही. चार वर्षांपुढच्या कुत्र्याचा स्वभाव बऱ्यापैकी ठरलेला असतो. छोटे कुत्रे साधारण 12 ते 15 वर्षं जगतात. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या कुत्र्यासोबतही काही चांगली वर्षं मिळू शकतात.

शक्यतो फॉस्टरच्या, म्हणजे तात्पुरता सांभाळ करणाऱ्या कुटुंबाच्या घरी राहिलेला कुत्रा निवडा. त्या कुटुंबाला थेट विचारा: एकटा ठेवला तर काय करतो? शी-शूसाठी बाहेर जायची सवय आहे का? लहान मुलं, मांजर, कुकरची शिट्टी, फटाके यांना कसा प्रतिसाद देतो? खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का? एकाच भेटीत निर्णय घेऊ नका. ज्यांच्यासोबत कुत्रा दिवसभर राहणार आहे, त्यांना दुसऱ्या भेटीला घेऊन जा.

तब्येतीचं काय बघायचं?

रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशींची नोंद, नसबंदी आणि गोचीड तापाची तपासणी यांचे कागद मागा. पावसाचं पाणी तुंबणाऱ्या शहरांत लेप्टोस्पायरोसिसच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

वय झालेल्या छोट्या कुत्र्यांमध्ये किडलेले दात, गुडघ्याची वाटी सरकणं आणि हृदयाच्या झडपेचा आजार नेहमी दिसतो. पग आणि शित्झू चपट्या नाकाचे असल्याने उन्हाळ्यात त्यांचा श्वास लवकर फुलतो. त्यांना दुपारी फिरवायचं नाही. पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरा. दत्तक शुल्क कमी असलं तरी औषधोपचाराचे पैसे दर वर्षी बाजूला ठेवावे लागतात.

सोसायटी हरकत घेऊ शकते का?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र शी उचलणं आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ न देणं ही पालकाची जबाबदारी आहे. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती आधीच घ्या. महापालिकेच्या श्वान परवान्याची चौकशी करा, त्यासाठी रेबीज लशीचा दाखला लागतो.

घरी आणल्यानंतर

प्राणी संस्थांमध्ये एक ढोबळ हिशेब सांगितला जातो: भीती जायला तीन दिवस, घराचा दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. पहिला आठवडा पाहुणे बोलावू नका. एक कोपरा, एक अंथरूण, जेवणाच्या आणि फिरण्याच्या ठरलेल्या वेळा एवढं पुरे. पट्टा आणि दार दोन्हींकडे लक्ष ठेवा, कारण नवा कुत्रा बिचकून पळण्याचा धोका याच दिवसांत जास्त असतो. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो भुंकू लागला, तर तो ‘बिघडला’ असं समजू नका. बऱ्याचदा तो आता कुठे मोकळा होत असतो. बेल वाजल्यावर खाऊ देऊन अंथरुणाकडे वळवणं, एकटं राहण्याची सवय पाच मिनिटांपासून वाढवत नेणं, असे उपाय असतात. अचानक चिडचिड वाढली तर आधी डॉक्टरांकडे न्या, दातदुखी किंवा सांधेदुखीही त्यामागे असू शकते.

आणि नाहीच जमलं तर?

दत्तक करार करतानाच विचारून ठेवा की, अडचण आली तर संस्था कुत्रा परत घेते का. अनेक संस्था तशी अटच घालतात, कारण ओळखीत कुणाला तरी देऊन टाकलेल्या कुत्र्याचा पुढे माग लागत नाही. वाजवी कारणाशिवाय प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे अवघा 10 ते 50 रुपये. तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ नये, याची काळजी त्यामुळे कायद्यापेक्षा दत्तक देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच घ्यावी लागते.