खाडीची प्रतिकृति आणि खाडी

तह राजाराजांत होतात, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु एका खाडीसाठीं शेजारच्या राज्यांनीं तह केल्याचें उदाहरण अमेरिकेच्या अर्वाचीन इतिहासांत आहे; आणि त्या तहाचीं कलमें ठरवितांना गणिताचा आधार घेतला गेला, हें त्याहूनहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

चेसापीकची खाडी सुमारें २०० मैल लांब असून तिच्या पाणलोटांत ६ राज्यांचे भाग येतात. १९७२ च्या जूनमध्यें ‘ॲग्नेस’ वादळाच्या पुरानें तींत एवढा गाळ व एवढें गोडें पाणी लोटलें कीं, तळचें गवत आणि कालवें यांची अपरिमित हानि झाली. पुढें १९७६ सालीं लष्कराच्या इंजिनियर-खात्यानें केंट बेटावर १४ एकर छपराखालीं बांधलेली खाडीची काँक्रीटची प्रतिकृति कामास लागली. खऱ्या खाडींत भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यास बारा तासांहून अधिक वेळ लागतो. येथें साडेसात मिनिटें पुरत. पाणी कोठून कोठें वाहतें, तें ही प्रतिकृति दाखवी. परंतु त्या पाण्यांत काय जगतें व काय मरतें, हें काँक्रीटला कसें कळावें? थोड्याच वर्षांत ती बंद पडली व गणकयंत्रांतील समीकरणें तिच्या जागीं आलीं.

शेतांतील खत व शहरांतील सांडपाणी यांबरोबर नत्र आणि स्फुरद खाडींत उतरतात. त्यांवर शेवाळ माजतें. तें मरून तळाशीं कुजतें, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो. ही कार्यकारणांची सांखळी समीकरणांत मांडतां आली, म्हणून कोणीं किती भार उचलावा हें ठरवितां आलें. १९८३ सालीं पहिला करार झाला. १९८७ च्या करारानें २००० सालापर्यंत नत्र व स्फुरद शेंकडा ४० नें घटविण्याचें ठरलें. २०१० सालीं केंद्र सरकारनें नत्राची वार्षिक मर्यादा १८ कोटि ५९ लक्ष पौंड ठरवून ती राज्याराज्यांत वांटून दिली, व त्यासाठीं करावयाच्या उपायांस २०२५ ची मुदत घातली. शेतकऱ्यांच्या संघटनेनें न्यायालयांत दाद मागितली. २०१५ सालीं अपील न्यायालयानें मर्यादा कायम केली.

येथवरचा इतिहास गणिताच्या विजयाचा दिसतो. पण २०२३ सालीं खाडीच्या सल्लागार शास्त्रज्ञांनींच वेगळी गोष्ट पुढें मांडली. सांडपाणी शुद्ध केल्याचें फळ मिळालें. शेतांवरील उपायांचें मात्र अपेक्षेइतकें मिळालें नव्हतें. २०२५ ची मुदतहि उद्दिष्ट पुरें न होतां टळली.

वहींत जमा लिहिलेली रक्कम पेटींत आलीच आहे, असें शहाणा व्यापारी मानीत नाहीं. तो रोज पेटी उघडून पाहतो. शेतकऱ्यानें उपाय केल्याची नोंद झाली कीं समीकरण तितका नत्र वजा धरतें. ओढ्याचें पाणी मात्र नोंदवही वाचीत नाहीं. म्हणून वही फाडून टाकावी काय? मुळींच नाहीं. तिच्यावांचून एवढ्या राज्यांत भार वांटला गेलाच नसता. मात्र ज्या राज्यकर्त्यास प्रतिकृतीच्या आधारें दुसऱ्याच्या शेतावर मर्यादा घालावयाची आहे, त्यानें ओढ्याओढ्याचें पाणी मोजण्याचा खर्च व कष्टहि पत्करले पाहिजेत.